डोंगरावरच्या निवासी शाळेतला शनिवार-रविवार कसा लावायचा

सोमवार ते शुक्रवार शाळेची घंटा वाजते आणि मूल तिच्यामागे चालतं. नाश्ता, तास, खेळ, जेवण, अभ्यासिका, दिवे बंद, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. शनिवारी सकाळी घंटा थांबते आणि घर सोडून नव्यानं आलेलं मूल पहिल्यांदा गडबडतं ते तिथेच. दहापर्यंत झोप, मग फोन, मग मेसचं जेवण, मग कुणाच्या तरी मागे बाजारात फेरी. रविवारी रात्री आठ वाजता कळतं की कपडे ओले आहेत, निबंध कोराच आहे आणि घरी फोन करायचा राहिलाय.

हे टाळता येतं, आणि त्यासाठी तासातासाचं वेळापत्रक लागत नाही. कंटाळवाणी कामं शनिवारी जेवणाच्या आधी संपवायची, दोन दिवसांत मोठं काम एकच धरायचं, आणि किमान तीन तासांचा एक सलग तुकडा पूर्ण मोकळा ठेवायचा. बाकी सगळं या तिन्हींच्या भोवती बसतं.

भारतात अशा शाळा आता बऱ्याच आहेत. मसुरीजवळच्या लंढौरमधली वुडस्टॉक १८५४ सालची, कोडाइकनालची इंटरनॅशनल स्कूल १९०१ची, आणि आपल्या मुळशीच्या डोंगरावरचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७चं. इथली उदाहरणं मुख्यतः लंढौरच्या बाजूची आहेत, कारण पुण्या-ठाण्याहून गेलेल्या मुलाला सगळ्यात अनोळखी हवा तिथेच भेटते. नियम मात्र शाळेशाळेत आणि इयत्तेइयत्तेत बदलतात. आपल्या डॉर्मची, म्हणजे वसतिगृहाची, पुस्तिका पहिल्याच आठवड्यात वाचून काढायची आणि तीन गोष्टी वहीत लिहून ठेवायच्या: बाहेर जायची परवानगी कुणाकडून, परत यायची वेळ किती, आणि उशीर होणार असेल तर कोणत्या नंबरवर कळवायचं.

शुक्रवारी रात्रीची पंधरा मिनिटं

शुक्रवारी रात्री सगळे सुटल्यासारखे वागतात. त्यातली पंधरा मिनिटं काढायची. धुवायचे कपडे पिशवीत भरायचे. सोमवारी कोणकोणत्या विषयाचं काय द्यायचंय ते शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवर बघून कागदावर उतरवायचं. नुसतं बघून बंद केलं तर रविवारी दुपारी एखादं काम नव्यानं उगवतंच. पाण्याची बाटली, टॉर्च आणि फोन चार्जिंगला किंवा जागेवर आहे का ते बघायचं. पावसाळ्यात डोंगरावर वीज जाते, आणि शनिवारी सकाळी दहा टक्के चार्ज असलेला फोन घेऊन बाहेर पडणं धोक्याचं असतं.

वीकेंडला डॉर्मबाहेर मुक्काम करायचा असेल तर शुक्रवारी फार उशीर झालेला असतो. बहुतेक शाळांना पालकांचा लेखी मेल आठवड्याच्या मध्यापर्यंत हवा असतो आणि ज्यांच्याकडे जायचं त्यांचं नाव लोकल गार्डियन म्हणून आधीच नोंदलेलं लागतं. ‘बाबांनी फोनवर हो म्हटलंय’ हे चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. लंढौरहून डेहराडून जेमतेम पस्तीस किलोमीटर, पण घाटाचा रस्ता. पावसाळ्यात दरड येते, मे-जूनमध्ये दिल्लीच्या गाड्यांची रांग लागते. परतीची वेळ संध्याकाळी सहाची असेल तर चारला पोचायच्या हिशेबानं निघायचं. दोन दिवसांत पुण्याला जाऊन येणं जमत नाही. तो हट्ट लांब सुट्टीसाठी राखून ठेवावा.

कपडे: ज्यावर सगळं अडतं

शनिवारी पहिलं काम कपड्यांचं, कारण वाळायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. काही शाळांत कपडे धोब्याकडे जातात, काही ठिकाणी मोठ्या मुलांना मशीन वापरू देतात. दोन्हीकडे आतले कपडे आणि मोजे बहुधा हातानंच धुवावे लागतात.

धोब्याकडे देताना कपडे मोजून यादीची एक प्रत स्वतःकडे ठेवायची. नाव मार्करनं लिहिलं तर काही धुण्यांत पुसट होतं. कापडी पट्टीवर नाव शिवून घेतलेलं टिकतं. हे काम घरून निघण्याआधीच करावं, मोज्यांसकट, कारण हरवतात ते मोजेच.

मशीनमध्ये ड्रम दोन-तृतीयांशच भरायचा. मुलं आठवड्याचं सगळं कोंबतात, मग कपडे आपटायला जागाच राहत नाही, साबण घड्यांत अडकतो आणि वाळल्यावर मानेला-काखेला खाज सुटते. नवा लाल किंवा निळा कपडा पहिल्या दोन वेळा एकटाच धुवायचा. गणवेशाचा पांढरा शर्ट गुलाबी झाला की तो परत पांढरा होत नाही. मोजे जाळीच्या पिशवीत टाकायचे.

खरी अडचण वाळवण्याची. सत्र सुरू होतं तेव्हा डोंगरावर पाऊस असतो आणि ढग खिडकीतून खोलीत येतात. हवेत आधीच इतकं पाणी असतं की कपड्यातलं पाणी जायला जागा नसते. कपडा पिळून झाला की कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलची गुंडाळी करायची आणि तिच्यावर उभं राहायचं. टॉवेल बरंच पाणी ओढून घेतो. मग हँगरवर, दोन कपड्यांत चार बोटं अंतर सोडून, पंख्याच्या वाऱ्यात. हुडी टोपीकडून उलटी टांगायची, कारण टोपी आणि खिसे सगळ्यात शेवटी वाळतात. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून. हीटरवर कपडा टाकायचा नाही, अगदी मोजासुद्धा. हीटर आणि कापड एकत्र आलं की आग लागते, आणि डॉर्ममध्ये याची शिक्षाही कडक असते.

याच कारणानं घरून भरताना जाड सुती हुड्या कमी आणि पातळ फ्लीस (मऊ, हलकं कृत्रिम कापड) किंवा लोकर जास्त घ्यावी. फ्लीस रात्रीत वाळतं. बूट दोन जोड हवेतच. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालायचे आणि ते ओले झाले की बदलायचे. न बदललेला कागद ओल धरून ठेवतो आणि चामड्याला बुरशी येते.

बाजार, पास आणि पैसे

लंढौरचा बाजार अरुंद आणि चढाचा. जाताना उतार लागतो म्हणून मुलं भरपूर सामान घेतात आणि परतीच्या चढावर त्यांचे हात गळून जातात. पाठीवरची सॅक न्यावी, हातातली पिशवी नको. माकडांना पिशवीत खाणं असतं हे ठाऊक असतं. बाजारातून बाहेर पडताना केळी, बिस्किटं, ब्रेड सॅकच्या आत गेलेलं असावं. माकड समोर आलंच तर दात दिसतील असं हसायचं नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही, आणि खाणं ओढलं तर सोडून द्यायचं. चावलं किंवा ओरखडलं तर पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि तडक इन्फर्मरीत, म्हणजे शाळेच्या दवाखान्यात, जायचं. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू व्हावी लागते, आणि ‘ओरडा बसेल’ म्हणून ही गोष्ट लपवणं सगळ्यात वाईट.

शनिवारी दुपारी मसुरीच्या माल रोडवर जाऊ नये. पिक्चर पॅलेस ते लायब्ररी चौक हा सुमारे दोन किलोमीटरचा पट्टा पर्यटकांनी भरतो, टॅक्सी अडकते आणि पासची, म्हणजे बाहेर राहायच्या परवानगीची, वेळ उलटते. शनिवारी सकाळी किंवा रविवारी नाश्त्यानंतर लगेच गेलं तर तेच काम निम्म्या वेळात होतं. वरच्या बाजूला चार दुकान आणि सिस्टर्स बाजार आहे. तिथे पायीच जायचं, देवदारांमधून, आणि चक्कर म्हणतात तो सपाट फेरा मारून परत यायचं. पहिल्या एक-दोन आठवड्यांसाठी यापेक्षा चांगली फेरी नाही. दम बेतानं लागतो आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे बर्फाची शिखरं दिसतात.

पैशांचं सोपं गणित: महिन्याचे हातखर्चाचे पैसे पाच भागांत वाटायचे. चार भाग चार आठवड्यांचे, पाचवा भाग न शिवता ठेवायचा. तो औषधाला, तुटलेल्या चपलेला, मित्राच्या वाढदिवसाला येतो. थोडी रोकड जवळ असावीच, कारण दाट धुक्यात आणि गर्दीत मोबाइलचं नेटवर्क डळमळतं. परदेशी मित्रांकडे बहुधा भारतीय बँकेचं खातं नसतं, त्यामुळे आपल्या फोनवरून सगळ्यांचं बिल भरायची वेळ येते. भरावं, पण त्याच टेबलावर कागदावर लिहावं आणि रविवार संपायच्या आत हिशेब मिटवावा. आठवडा उलटला की मागायला लाज वाटते आणि त्यावरून मैत्रीत उगाच अढी पडते.

डोंगरात जाताना

सह्याद्रीत किल्ले चढलेली मुलं इथे जास्त आत्मविश्वासानं येतात, म्हणून हा भाग सविस्तर.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, लंढौरचा डोंगर २००० मीटरच्या आसपास. हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे चार-पंचमांश. यानं माणूस आजारी पडत नाही, पण पहिला आठवडाभर जिना चढतानाही धाप लागते. दुसरा फरक थंडीचा. राजगडावर घामानं भिजलेला सुती टी-शर्ट वाऱ्यात बरा वाटतो. इथे तोच शर्ट थांबल्यावर दहा मिनिटांत हुडहुडी भरवतो. अंगाला लागून लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट, वर फ्लीस, सॅकमध्ये वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. चालताना थोडं गार वाटलं पाहिजे. उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झालेत आणि आतून घाम धरतोय.

वेळेचा हिशेब असा मांडायचा. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला एक तास जास्त. हा डोंगर चालणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. समजा जाऊन-येऊन आठ किलोमीटर आणि एकूण चढ चारशे मीटर. आठ किलोमीटरचे सुमारे ९६ मिनिटं, चढाची ४०, म्हणजे सव्वादोन तास. पण हा न थांबणाऱ्या माणसाचा वेळ. सहा-सात मुलांचा घोळका, फोटो, लेस बांधणं, खाणं धरून दीडपट करायचा: साधारण साडेतीन तास. डिसेंबरात मसुरीला सूर्य साडेपाचच्या आत बुडतो आणि देवदारांखाली त्याआधीच अंधार होतो. म्हणजे साडेचारला परत यायचं तर एकच्या आत निघायला हवं. निघतानाच मागे वळायची वेळ ठरवायची, समजा पावणेतीन. पावणेतीन वाजले की शिखर समोर दिसत असलं तरी वळायचं. अपघात बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर, अंधारात, घाई करताना होतात. शिवाय या डोंगरात बिबटे आहेत, आणि त्यांची फिरायची वेळ संधिप्रकाशाची.

गट किमान चौघांचा. एकाचा पाय मुरगळला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदतीला जातात, एकट्याला कुणालाच जावं लागत नाही. सगळ्यात हळू चालणारा पुढे ठेवायचा. तो मागे राहिला की बाकीचे थांबून त्याची वाट बघतात, तो पोचताच निघतात, आणि ज्याला विश्रांतीची सर्वांत गरज त्यालाच ती मिळत नाही.

सॅकमध्ये प्रत्येकी दोन लिटर पाणी, टॉर्च, शिट्टी, जॅकेट, चिकटपट्टी, जंतुनाशक, आणि खायला चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू. घरून आलेला हा खाऊ डोंगरावर फार उपयोगी पडतो. थंडीत घट्ट होत नाही, चुरा झाला तरी खाता येतो. शेंगदाण्याची चिक्की वाटण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो, त्याबद्दल खाली पोह्यांच्या ओघात येईलच. डॉर्ममध्ये ठेवायच्या चिठ्ठीवर वाट, नावं आणि परतीची वेळ. चिठ्ठीवर एक वाट लिहून दुसरीकडे जायचं नाही. शोधायला येणारी माणसं चिठ्ठीवरच्या वाटेनं जातात.

पायाखाली दोन गोष्टी फसवतात. बांजाची (इथल्या ओक झाडाची) वाळलेली पानं उतारावर साचलेली असतात आणि त्यांच्याखालची जमीन दिसत नाही, तिथे टाच आधी रोवायची. दुसरी बिच्छू घास. कमरेइतकी वाढणारी, दातेरी पानांची, हात लागला की इंगळी डसल्यासारखी आग. चोळायचं नाही, चोळल्यानं बारीक काटे आत जातात. चिकटपट्टी दाबून उपटायची म्हणजे काटे तिच्यासोबत निघतात, मग गार पाण्यानं धुवायचं. पावसाळ्यात जळवा असतात. मोज्यांना मीठ चोळून निघायचं. लागलीच तर ओढायची नाही, नखानं तिच्या तोंडाशी सरकवून सोडवायची. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. स्वच्छ कापड दाबून धरलं की थांबतं.

कधी जायचं हेही महत्त्वाचं. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून हवा धुतल्यासारखी होते. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत सूर्यास्ताच्या वेळी पश्चिमेला क्षितिजाच्या वर एक दुसरंच, केशरी-जांभळं क्षितिज दिसतं. त्याला इथे विंटरलाइन म्हणतात. ती बघायला डोंगर चढायची गरज नाही, पश्चिमेकडचा कुठलाही कठडा पुरतो. वसंतात बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड) लाल फुलतो, तेव्हा मसुरी-टिहरी रस्त्यावरच्या जबरखेतच्या राखीव जंगलात एक सकाळ घालवावी, शिक्षकांसोबत. नाग टिब्बा ३०२२ मीटरचा, त्याचा बेत शाळेच्या सहलीतूनच करावा.

डॉर्मच्या स्वयंपाकघरात बाराजणांचे पोहे

महिन्यातून एकदा तरी रविवारी सकाळी आपण काहीतरी करून घालावं. भाषा, देश, इयत्ता यांची भिंत यानं जितक्या लवकर पडते तितकी दुसऱ्या कशानं पडत नाही. पोहे त्यासाठी उत्तम: स्वस्त, पाऊण तासात होणारे, आणि खाणाऱ्याला काट्या-चमच्यानं खाता येणारे.

आधी यादी घेऊन प्रत्येकाला विचारायचं की काय चालत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी काहींना जीवघेणी असते. नुसते पोह्यांतले दाणे बाजूला काढून चालत नाही, त्या कढईत परतलेला दुसरा पदार्थसुद्धा त्रास देतो. म्हणून असं कुणी असेल तर दाणे स्वयंपाकघरात आणायचेच नाहीत. आणि तेल बघायचं, आपल्याकडे पोहे शेंगदाण्याच्या तेलात होतात, इथे सूर्यफुलाचं घ्यायचं. गहू न चालणाऱ्यांना पोहे चालतात, पण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. डबीवरचा मजकूर वाचायचा किंवा हिंग गाळायचा. मोहरीचीही अ‍ॅलर्जी असू शकते. जैन मुलांसाठी कांदा-बटाट्याशिवाय एक छोटा वाटा आधी काढायचा.

बाराजणांना: जाडे पोहे एक किलो, कांदे सहा, बटाटे चार, हिरव्या मिरच्या आठ, तेल दीड वाटी, मोहरी दोन चमचे, हळद दीड चमचा, मीठ चार सपाट चमचे, साखर दोन मोठे चमचे, लिंबं चार, कोथिंबिरीची एक जुडी. दुकानात ‘मोटा पोहा’ म्हणून मागायचे. पातळ पोहे भिजवले की लापशी होते. कढीपत्ता वाळवून घरूनच आणलेला बरा.

डोंगरावर पाणी सुमारे ९३ अंशांना उकळतं. त्यामुळे बटाटा पुण्याच्या अंदाजानं शिजत नाही, आत कच्चा राहतो. फोडी बोटाच्या नखाएवढ्या करायच्या आणि तेलात झाकण ठेवून पूर्ण शिजल्याची खात्री झाल्यावरच पोहे घालायचे. याच कारणानं डाळ आणि कडधान्यं इथे कुकरशिवाय करायच्या भानगडीत पडू नये.

पोहे चाळणीत घेऊन नळाखाली हात फिरवत धुवायचे, भिजत ठेवायचे नाहीत. दहा मिनिटं निथळू द्यायचे. दाणा बोटांत दाबला की मोडला पाहिजे पण पीठ होता कामा नये. मीठ आणि साखर याच वेळी पोह्यांना हलक्या हातानं लावायची म्हणजे सगळीकडे सारखी लागते. इंडक्शनच्या शेगडीवर उष्णता मधल्या गोलातच लागते. किलोभर पोहे एकदम टाकले तर मधले करपतात आणि कडेचे गारच राहतात. दोन घाणे करावेत, प्रत्येकी अर्धा किलो. तेल, मोहरी तडतडू देणं, मिरच्या, कढीपत्ता, बटाटा, मग कांदा पारदर्शक होईपर्यंत, हळद, पोहे. झाकण घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटं वाफ. कोरडे वाटले तर पाण्याचा हबका मारायचा. लिंबू खाली उतरवल्यावर पिळायचं. मिरच्यांचे तुकडे मोठे ठेवायचे, ज्याला नको त्याला काढता येतात. आणि स्वयंपाकघर आधी होतं त्याहून स्वच्छ करून सोडायचं, नाहीतर पुढच्या वेळी किल्ली मिळत नाही.

अभ्यासाचा एकच मोठा तुकडा

आयबी डिप्लोमाच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या शेवटच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या) मुलांवर दोन वर्षांत ४००० शब्दांचा विस्तारित निबंध, ज्ञानमीमांसेचा १६०० शब्दांचा निबंध, आणि सहा विषयांची अंतर्गत कामं येतात. ही कामं रोजच्या अभ्यासिकेत होत नाहीत, कारण तिथे उद्याचा गृहपाठ असतो. ती वीकेंडलाच होतात. पण ‘वीकेंडला निबंध करायचा’ हे काम मेंदू पुढे ढकलतो. ‘शनिवारी दोन ते साडेतीन, दुसऱ्या भागातले दोन परिच्छेद’ हे काम होतं. दीड तास, वीस मिनिटं बाहेर चालणं, पुन्हा दीड तास. एका वीकेंडला इतकंच मोठं काम. जागा खोली सोडून ग्रंथालयाची, कारण खोलीत पलंग दिसतो. संदर्भ वाचतानाच पान क्रमांकासकट नोंदवायचा. शेवटी सगळे संदर्भ शोधत बसणं हाच बहुतेकांचा सगळ्यात वाया जाणारा वेळ असतो.

सीएएसची (डिप्लोमातल्या सर्जनशीलता, शारीरिक हालचाल आणि सेवा या भागाची) नोंद रविवारी जेवणानंतर दहा मिनिटांत उरकायची: एक फोटो आणि पाच ओळी. काय केलं हे एका ओळीत, बाकी चार ओळींत काय जमलं नाही आणि का. त्यात तासांची बेरीज बघत नाहीत, विचार केलेला दिसतो का ते बघतात. महिन्यांनी आठवून लिहिलेल्या नोंदी सगळ्या एकसारख्या वाटतात आणि समन्वयकाला ते लगेच कळतं.

मराठी वाचणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. डिप्लोमात मातृभाषेचं साहित्य स्वयंअध्ययन म्हणून स्टँडर्ड लेव्हलला घ्यायची सोय आहे. मराठीसाठी ते जमेल का, हे समन्वयकाला प्रवेशाच्या वेळीच विचारावं. मिळालं तर रविवारचे दोन तास मराठी पुस्तकाला आपोआप मिळतात.

पालकांना कळकळीची विनंती: शनिवार-रविवारी दोन्ही दिवस ऑनलाइन क्लास लावू नका. जेईईचा असो, सॅटचा असो. मूल हेडफोन लावून खोलीत बसतं, बाकीचे डोंगरात जातात, आणि सत्र संपेपर्यंत त्याचे मित्र झालेले नसतात. लावायचाच असेल तर एका दिवशी सकाळी, दोन तासांच्या वर नको.

घरचा फोन

घरी फोन करायची चांगली वेळ रविवारची सकाळ, नाश्ता आणि जेवण यांच्या मधली. रविवारची रात्र टाळावी. वसतिगृहात घरची आठवण सगळ्यात जास्त तेव्हा येते: संध्याकाळ, थंडी, उद्याचा सोमवार. त्यात आईचा आवाज ऐकला की मूल रडतं, फोन ठेवतं, दहा मिनिटांत मित्रांत मिसळतं, आणि आई पुण्यात रात्रभर जागी. सकाळी बोललं की दोघांच्याही पुढे पूर्ण दिवस असतो.

मूल रडलंच तर ‘घेऊन जातो’ असं लगेच म्हणू नये आणि ‘रडायचं नाही’ असंही म्हणू नये. ऐकावं, मग एक ठोस गोष्ट विचारावी: आज जेवायला कुणाबरोबर बसलास? उत्तर सलग तीन रविवार ‘एकटाच’ असेल, किंवा झोप आणि जेवण बिघडलं असेल, तर त्याच दिवशी डॉर्म पॅरेंटला, म्हणजे वसतिगृहात मुलांची काळजी घेणाऱ्या मोठ्या माणसाला, कळवावं.

आईवडील परदेशी असतील तर घड्याळ सांभाळावं लागतं. न्यू जर्सीत शनिवारचे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रविवारचे सकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ तासभर मागे जातं आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तसंच राहतं. त्या दिवसांत तीच वेळ तिथे रात्री नऊची असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, बारा महिने. खोलीतला कोरियाचा मित्र साडेतीन तास पुढे असतो, म्हणून तो पहाटे सहालाच घरच्यांशी बोलायला उठला तर त्याच्यावर चिडू नये. हेडफोन आणि व्हरांडा, एवढं त्याच्याशी आधीच ठरवून घ्यावं.

झोप आणि रविवारची संध्याकाळ

शनिवारी उशिरापर्यंत जागणं होणारच. सकाळी मात्र नेहमीच्या वेळेपेक्षा दीड तासाहून जास्त उशिरा उठू नये. रविवारी अकराला उठलेल्याला त्या रात्री बारापर्यंत झोप लागत नाही, आणि सोमवारचा पहिला तास वाया जातो. गरम पाणी रविवारी संध्याकाळी सगळ्यांना एकदम हवं असतं. दुपारी तीनला अंघोळ केली तर गीझर आपलाच.

संध्याकाळच्या हजेरीआधी अर्धा तास खोलीत यावं. वाळलेले कपडे घडी करून कपाटात, पण शिवणीला हात लावून बघून. शिवण गार लागली तर आत ओल आहे, तो कपडा बाहेरच राहू द्यायचा. बॅग भरायची, हिशेबाचे पैसे द्यायचे-घ्यायचे, शुक्रवारचा कागद काढून राहिलेलं काम बघायचं. एखादं राहिलं असेल तर शिक्षकांना त्याच रात्री दोन ओळींचा मेल टाकावा, कधी देणार ते दिवसासकट लिहून. सोमवारी वर्गात कारण सांगण्यापेक्षा ते बहुतेक शिक्षकांना पटतं.

आणि मोकळे ठेवलेले ते तीन तास? त्यात काय करायचं ते इथे लिहिणार नाही. कठड्यावर बसणं, गिटार, कॅरम, झोप, वर्गातल्या नेपाळी मुलाकडून मोमो वळायला शिकणं, काहीही. कुणी विचारलं की ‘तुझा काही प्लॅन आहे का?’ तर ‘नाही’ म्हणता यावं, एवढीच त्यांची अट.